पडताळा

लॅपटॉप लाल फडक्यात बांधून आणलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. म्हाताऱ्यानं तो माझ्या टेबलावर ठेवला, गाठ सोडली, आणि झाकणाला चिकटलेलं झेंडूचं वाळकं फूल उचलून खिशात टाकलं. त्याच्यासोबत पंचविशीतला मुलगा होता. तो म्हणाला, "ताई, ह्यात जागा संपलीय. आज संध्याकाळी पाचाच्या आत वाढवून पायजे."

माझं दुकान मिरजेला, दवाखान्यांच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. पाटीवर 'अरवाडे डेटा रिकव्हरी'. लग्नाचे फोटो उडालेले, प्रबंध गायब झालेले, असे लोक रडकुंडीला येऊन जिना चढतात. माझी जीभ तिखट आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. 'पाचाच्या आत' म्हणणाऱ्याला मी उद्या या म्हणून सांगते. यालाही सांगितलं.

"उद्या आवाज नसतोय," तो म्हणाला.

मला वाटलं, लॅपटॉपचा. स्पीकर खालच्या दुकानात मिळतील असंही मी सांगून टाकलं. तेव्हा म्हाताऱ्यानं गळ्याचा मफलर बाजूला केला आणि बोटानं गळ्यावर एक आडवी रेघ ओढून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढणार होते. पाच वाजता दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

मी खुर्च्या पुढे केल्या.

म्हाताऱ्याचं नाव निंगाप्पा हेळवी, मुलाचं कल्लेश, गाव जत तालुक्यातलं. आमच्या भागात हेळवी म्हणजे कोण हे सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. सुगी झाली की हेळवी सजवलेल्या बैलावर बसून गावात येतो, दारात उभा राहतो आणि त्या घराची दहा-बारा पिढ्यांची नावं घडाघडा म्हणतो. घरचे सुपानं धान्य घालतात. निंगाप्पांकडे बेचाळीस गावं होती. या सगळ्या घराण्यांच्या पोथ्या त्यांच्या घरातल्या खास लिपीत लिहिलेल्या, अक्षराऐवजी खुणाच जास्त. दत्तक गेलेल्याला एक टिंब, परागंदा झालेल्याला एक वेलांटी. कल्लेशला ती लिपी निम्मीशिम्मीच यायची. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यानं सगळ्या पानांचे फोटो काढून लॅपटॉपमध्ये भरले होते, आणि गेल्या वर्षीपासून तो अप्पांना, म्हणजे वडिलांना, कॅमेऱ्यासमोर बसवून एकेक पान त्यांच्या तोंडून म्हणवून घेत होता. चाळीस गावं झाली होती. दोन उरली होती, आणि डिस्क भरली होती.

फायली एवढ्या मोठ्या का, असं मी विचारलं. लहान करून साठवता येतात. कल्लेश म्हणाला, अप्पांचा आवाज दाबायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं.

डिस्क पूर्ण कुलूपबंद होती. आयटीआयमधल्या एका सरांनी त्याला लिनक्स शिकवलं होतं, आणि चालू करतानाच परवलीचा शब्द मागणारी, आतलं अक्षरही बाहेर न दाखवणारी डिस्क बनवून दिली होती. त्याला कारण होतं. शेताचं भांडण लागलं की भावकीतला कुणीतरी दुसऱ्याच्या घराचं पान बघायला मागतो. हेळव्यानं एका घराचं पान दुसऱ्या घराला दाखवायचं नाही, ऐकवायचंही नाही.

उरलेली दोन गावं साध्या पेनड्राइव्हवर घ्या, नंतर बघू, हा सोपा उपाय मी सुचवला. निंगाप्पांनी मान हलवली. त्यांचा आवाज खरवडल्यासारखा येत होता, पण शब्द स्पष्ट होते. "पोथी एकाच जागी ऱ्हायाला पायजे. माझ्या आज्ज्यानं आन् त्येच्या भावानं दोन केल्या. धा वर्सांत दोन पोथ्यांत दोन येगळी नावं. मग गाव कुनाला खरं मानंल?"

मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही कुठल्या अरवाडे. मी माझं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, पायगोंडा, मूळ गाव सांगितलं. ते म्हणाले, तुमचं घर आमच्याकडं न्हाई, दुसऱ्या हेळव्याकडं हाय. मी गमतीनं विचारलं, असतं तरी मी त्यात असते का?

"लेकी लिवत न्हाईत पोथीत," ते म्हणाले. "बाप, ल्योक, नातू."

मी म्हटलं, मग तुमचा लॅपटॉप एखाद्या लेकानं दुरुस्त करायला हवा. म्हातारा हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं आणि कामाला लागले.

काम तसं अवघड नव्हतं. जुनी डिस्क लहान होती. तिच्यातलं सगळं जसंच्या तसं, कुलपासकट, एका मोठ्या नव्या डिस्कवर उतरवायचं. एवढं झालं तरी जागा वाढत नाही. मोठ्या प्लॉटवर जुनं घर उचलून आणून ठेवावं तसं ते असतं. आधी कुंपण सरकवायचं, म्हणजे पार्टिशन. मग कुलूप लावलेल्या खोलीची भिंत. मग आतलं कपाट, त्याला व्हॉल्यूम म्हणतात. आणि शेवटी कपाटातल्या फळ्या. बाहेरून आत, याच क्रमानं. एखादा आकडा चुकला तर घर जागेवर असतं, पण दार कुठं आहे ते सापडत नाही. असल्या कुलपाचं दार सापडलं नाही तर आतलं कुणालाच मिळत नाही, अगदी परवलीचा शब्द पाठ असला तरी.

म्हणून माझा एक नियम होता. जुनी डिस्क हाताशी असल्याशिवाय नवीला हात लावायचा नाही. नवीवर काही बिनसलं तर जुनीवरून पुन्हा सुरुवात. या नियमावर मी सतरा वर्षं धंदा केला होता.

साडेनऊला उतरवणं सुरू केलं. बापलेक तिथंच खुर्च्यांवर बसून राहिले. बारा वाजता मी त्यांना जेवून या म्हटलं, ते उठले नाहीत. ऑपरेशन होणाऱ्या माणसाच्या घरचे लोक मी रोज त्या गल्लीत बघते, पण स्वतः तो माणूस माझ्यासमोर बसून लॅपटॉपकडे बघत होता, आणि मला ते झेपत नव्हतं. पावणेएकला पडद्यावरची पट्टी शेवटाला पोचली. खाली एक ओळ आली. तीन जागा वाचता आल्या नव्हत्या.

यात विशेष काही नाही. जुन्या डिस्कवर एखाददुसरी जागा अडते. डिस्क थोडी गार झाली की हळू गतीनं पुन्हा वाचायची, बहुतेक वेळा येते. जेवून आल्यावर करू, असं मी मनात म्हटलं. आणि ते दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते म्हणून तोंडानं म्हटलं, "झालं. उतरलं सगळं."

मी प्रत्येक गिऱ्हाइकाला असंच सांगते. सांगायचे. त्यांचे चेहरे सैल होतात आणि मला शांतपणे उरलेलं काम करता येतं.

निंगाप्पांनी दोन्ही हात जोडले. मी जुनी डिस्क काढून गार व्हायला लाल फडक्यावर ठेवली, त्यांना दुकानाकडे लक्ष ठेवा म्हटलं आणि घरी जेवायला गेले. घर मागच्याच गल्लीत. जेवून जरा पाठ टेकली आणि दोनला परत आले.

कल्लेशचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते. निंगाप्पांच्या कपाळाला कुंकू होतं. माझ्या टेबलावर, माऊसच्या शेजारी, नारळाचा एक तुकडा ठेवलेला होता. लाल फडकं रिकामं, घडी करून ठेवलेलं.

"प्रसाद घ्या," निंगाप्पा म्हणाले.

जुनी डिस्क कुठं आहे असं मी विचारलं.

"किस्नेला दिली," कल्लेश म्हणाला. खालच्या दुकानातल्या माणसाला लक्ष ठेवायला सांगून, रिक्षा करून ते कृष्णाघाटावर जाऊन आले होते. त्यांच्या घरात तशी रीत होती. जुनी पोथी नवीत उतरली की त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, जुनी नदीला द्यायची. दोन वर्षांपूर्वी फोटो काढून झाल्यावर कागदाच्या पोथ्याही त्यांनी अशाच सोडल्या होत्या. मोबाइलमधले फोटोही कल्लेशनं त्याच दिवशी पुसले होते. पोथी एका जागी.

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. अडाणी म्हटलं. अक्कल गहाण टाकली का असं विचारलं. एका मरणाच्या दारातल्या माणसाला, ज्याला बोलायला तीन तास उरले होते, मी माझ्या दुकानात उभं राहून पाच मिनिटं झापलं. कल्लेश खाली मान घालून ऐकत होता. निंगाप्पांनी मी थांबेपर्यंत वाट बघितली.

"तुमीच म्हनलासा की," ते म्हणाले. "झालं म्हनून."

मी खुर्चीवर बसले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती आठवण करून देणं होतं. त्यानं मला जास्त लागलं.

तेव्हा सव्वादोन झाले होते. हाताशी एकच डिस्क होती, तिच्यात बेचाळीस गावं होती, आणि जागा अजून वाढलीच नव्हती. नियम मोडून, दुसरी प्रत नसताना, कुंपण सरकवावं लागणार होतं. दुसऱ्या एका डिस्कवर आधी प्रत काढायची तर पुन्हा सव्वातीन तास. मी हिशेब केला आणि सोडून दिला.

जुन्या पार्टिशनची सुरुवात जिथं होती तो आकडा मी कागदावर लिहून घेतला. आता जुनी नोंद पुसून त्याच आकड्यापासून नवी, मोठी नोंद करायची होती. बोट बटणावर ठेवलं आणि हलवता येईना. मला स्वतःचाच राग आला.

निंगाप्पा उठून माझ्या मागे आले. आमच्यात उतरताना एकटा माणूस बसत नाही, असं ते म्हणाले. एक मोठ्यानं वाचतो, दुसरा लिहून उलटून, म्हणजे लिहिलेलं परत, वाचून दाखवतो, आणि पहिल्यानं हो म्हटल्याशिवाय पुढची ओळ नाही. त्याला पडताळा म्हणतात. "आकडा कल्लेश वाचंल. तुमी उलटून सांगा."

लहान मुलासारखं ते मी केलं. कल्लेशनं कागदावरचा एकेक आकडा वाचला, मी पडद्यावर टाकून एकेक उलटून वाचला, आणि दर वेळी तो "व्हय" म्हणाला. नोंद झाली. मी भिंतीकडे तोंड केलं, कल्लेशनं परवलीचा शब्द टाकला. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग कुलूप उघडल्याची ओळ आली.

खोलीची भिंत सरकवताना तो शब्द पुन्हा मागितला गेला, मी पुन्हा पाठ फिरवली. मग कपाट, मग फळ्या. प्रत्येक ओळ तो वाचायचा, मी उलटून सांगायचे. तीनला दहा मिनिटं असताना जागा तिप्पट झाली होती. कल्लेशनं अप्पांच्या पायाला हात लावला, मग माझ्याकडे वळला, मी त्याला आवरलं.

कारण माझ्या डोक्यात त्या तीन जागा होत्या.

डिस्कवरची अमुक जागा कुठल्या फायलीची, हे शोधून काढता येतं. उरलेली दोन गावं इथंच म्हणून घ्यायची होती, त्यासाठी ते दोघं माझ्या मागच्या खोलीत बरोबर आणलेला कॅमेरा मांडत होते, तोवर मी शोधलं. ती खोली आधीच्या भाडेकरूनं तंबोरे जुळवण्यासाठी केलेली, दाराला जाड काच, आतलं बाहेर ऐकू येत नाही. पहिली जागा एका व्हिडिओत पडली होती, क्षणभर चित्र हललं असतं, आवाज शाबूत. दुसरी एका पानाच्या फोटोत, पण ते पान अप्पांनी केव्हाच म्हणून ठेवलं होतं. तिसरी 'कोगनहट्टी' नावाच्या फोल्डरमधल्या अकराव्या फोटोत होती.

मी काचेवर टकटक करून कल्लेशला बाहेर बोलावलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, कोगनहट्टी झालंय का म्हणून. तो म्हणाला, न्हाई, आता तेच. कोगनहट्टी आन् मग एक धाकटं गाव.

तो आत गेला.

खरं सांगायचं तर मी दोन-तीन मिनिटं गप्प राहण्याचाच विचार करत होते. फोटो उघडला की खराब दिसेल. मुळातच तसा आला असेल, असं ते म्हणतील. जुनी डिस्क नदीत होती, तपासायला कुणी येणार नव्हतं. 'अरवाडे' ही पाटी सतरा वर्षांची होती. पण त्या पानाची दुसरी प्रत आता जगात एकाच ठिकाणी होती, मफलर गुंडाळलेल्या त्या गळ्यात, आणि तीही उद्या सकाळपर्यंतच. फोटो उघडल्यावर म्हातारा गोंधळला, वेळ संपत आली, राहू दे म्हणाला, तर एक घराणं माझ्या खोटेपणानं बुडणार होतं.

मी लॅपटॉप घेऊन, दार उघडून आत गेले आणि सांगितलं. एकला झालं म्हणाले तेव्हा झालेलं नव्हतं. तीन जागा राहिल्या होत्या. ते मला माहीत होतं. मी ते बोलले नाही, म्हणून तुम्ही डिस्क नदीत सोडली. मघाशी तुम्हाला जे बोलले ते मला लागू होतं.

कल्लेश एकदम उभा राहिला. त्याचा चेहरा बदलला होता. "ताई, इस्वासानं दिलं होतं तुमच्याकडं," एवढंच तो म्हणाला.

निंगाप्पांनी फोटो उघडायला सांगितला. वरच्या चार ओळी स्वच्छ होत्या, त्याखाली सगळं राखाडी पट्ट्यांचं पसरलेलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून पट्ट्या मोजल्या. मग घड्याळाकडे बघितलं. मग मला म्हणाले, तुम्ही बाहेर बसा, दुसऱ्याचं घर हाय हे, तुमाला ऐकता येत न्हाई.

मी बाहेर बसले. काचेतून दिसत होतं. निंगाप्पांनी मफलर सोडला, पटका नीट केला आणि डोळे मिटून बोलायला लागले. ओठ हलताना दिसायचे, आवाज यायचा नाही. मध्येच ते थांबले. कपाळाला हात लावला. कल्लेश काहीतरी बोलला, तेव्हा त्यांनी डोळे न उघडता हात वर करून त्याला गप्प केलं. पुष्कळ वेळ दोघंही हलले नाहीत. मग ओठ पुन्हा हलायला लागले. काय आठवलं, काय नाही, मला कळायला मार्ग नव्हता.

दुसरं गाव उरकायला साडेचार वाजले. शेवटी ते एकटेच कॅमेऱ्याकडे बघून थोडं काही बोलले आणि त्यांनी हात जोडले. बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज जवळजवळ गेलेलाच होता. लॅपटॉप लाल फडक्यात बांधला गेला. मी हात आखडून उभी होते. कल्लेश माझ्याकडे बघत नव्हता. निंगाप्पांनी जाताजाता माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग ते जिन्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन चौकशी करावी असं फार वाटलं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. 'झालं' हा शब्द मात्र तेव्हापासून माझ्या दुकानातून गेला. गिऱ्हाइकं वैतागतात. झालं का म्हटलं की मी काय झालं आणि काय राहिलं ते सांगत बसते.

नऊ वर्षांनी, एका बुधवारी सकाळी, जिन्यावर पावलं वाजली आणि टेबलावर लाल फडकं आलं. फडकं नवीन होतं. कल्लेशच्या दाढीत पांढरे केस आले होते.

अप्पा ऑपरेशननंतर सात वर्षं जगले, असं त्यानं सांगितलं. पाटीवर लिहून बोलायचे. बैलावर बसून गावोगाव जायचे, दारात कल्लेश लॅपटॉप लावायचा आणि त्यांचाच आवाज त्यांच्यासमोर घराण्याची नावं म्हणायचा, आणि ते मान हलवत ऐकायचे. दोन वर्षांपूर्वी गेले. डिस्क पुन्हा भरली होती. मी विचारलं, आता काय भरलं एवढं? तो म्हणाला, दारात नावं म्हटली की म्हाताऱ्या बायका पुढे येतात आणि सांगतात, ह्याची बायको अमक्या गावची, ह्याच्या लेकी तमक्या गावी दिल्या. तो तेही भरून घेतो. अप्पांनी पाटीवर 'घे' म्हणून लिहून दिलं होतं.

मी लॅपटॉपसाठी हात पुढे केला. त्यानं तो दिला नाही.

"उतरायच्या आदी म्हागच्या उतरणाऱ्याची नोंद ऐकवायची," तो म्हणाला. "पोथीच्या शेवटी असती. रीत हाय आमची. कोगनहट्टीच्या मगदूमांना इचारून आलोय, त्येंचंच त्ये खराब झालेलं पान. तुमी ऐकलं तर चालतंय म्हनले."

त्यानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर माझीच मागची खोली होती, आणि पटका नीट करणारे निंगाप्पा. नऊ वर्षांपूर्वी काचेतून बघितलेलं आता ऐकू आलं. खरवडलेला आवाज, एकेक नाव. बाळगोंडाचा ल्योक सातगोंडा. सातगोंडाचा ल्योक.

तिथं ते थांबले. कपाळाला हात गेला. कल्लेशचा तेव्हाचा कोवळा आवाज आला, "रामगोंडा असंल, अप्पा. त्या घरात रामगोंडा लई हायत."

हात वर झाला. "असंल म्हनून मानूस जल्माला घालायचा न्हाई."

मग शांतता. बरीच लांब. त्यांचा श्वास तेवढा घरघरत होता. मग, "त्येचा ल्योक दादगोंडा," आणि तिथून पुढची सहा नावं सरळ, न अडखळता.

कल्लेशनं थांबवलं. म्हणाला, मगदूमांच्या दारात दर साली हे असंच लावतो, काही कापत नाही. अप्पा थांबतात तिथं घरातले सगळे उभे राहतात आणि हात जोडतात. नाव नाही, पण माणूस होता ना.

त्यानं शेवटची फाइल लावली. निंगाप्पा कॅमेऱ्याकडे सरळ बघत होते. आवाज जेमतेम उरला होता.

"पोथी मिरजेत उतरली. जुन्या पेटीतनं नव्या पेटीत. उतरणारी हेमांगी, पायगोंडा अरवाड्यांची लेक. कोगनहट्टीच्या मगदूमात एक पुरुष गहाळ हाय. तो घाईत गेला. घाई तिची बी, आमची बी. कुनी इचारायच्या आदी तिनं आपल्या तोंडानं सांगितलं, म्हनून म्होरली सहा वाचली. म्होरच्या उतरणाऱ्यानं हिच्यावानी सांगावं."

त्यांनी हात जोडले आणि चित्र संपलं. मी रडले. दुकानात, गिऱ्हाइकासमोर. कल्लेश उठून खिडकीपाशी गेला आणि गल्लीत बघत उभा राहिला.

थोड्या वेळानं मी तोंड धुऊन आले. लॅपटॉप उघडून जुनी डिस्क बाहेर काढली, नवी तिच्या शेजारी लावली, आणि उतरवणं सुरू केलं. दुपारी पट्टी शेवटाला पोचली, आणि जुनी डिस्क मी लाल फडक्यावर ठेवली.

"झालं का, ताई?" त्यानं विचारलं.

"उतरलंय, पण झालं नाही," मी म्हणाले. "खुर्ची जवळ घे. तू वाच, मी उलटून सांगते."

त्यानं खुर्ची ओढली. जुनी डिस्क त्यानं लाल फडक्यावरून उचलली आणि माझ्या हाताखाली सरकवली. "तुमी द्याल तवा किस्नेला," तो म्हणाला, आणि पहिला आकडा वाचायला लागला.